गाडीविक्री सोडून दुसरं काय करता येतं? शोरूममधून बाहेर पडलेल्यांनी कृपया लिहा

चावीवाली | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. बी.कॉम. झाल्यावर तात्पुरतं म्हणून लागले आणि तिथेच राहिले. आता पस्तिशी उलटली. कामात कच्ची नाही. टार्गेट बहुतेक महिने होतं, जुनी गिऱ्हाइकं आपल्या भावाला-मेहुण्याला घेऊन येतात, टीएल (टीम लीडर) हो म्हणून विचारणाही झाली होती. मीच टाळलं, कारण टीएल म्हणजे स्वतःच्या टार्गेटवर आणखी पाच-सहा जणांचं टार्गेट.

तरी आता पुरे झालंय. जगाला सुटी असते तेव्हा आमच्याकडे गर्दी, त्यामुळे शनिवार-रविवार काय असतो ते विसरले. महिनाअखेरचं तर विचारूच नका. इन्सेंटिव्हच्या वरच्या स्लॅबला (टप्प्याला) एक गाडी कमी पडत असेल तर ती काढण्यासाठी स्वतःच्या इन्सेंटिव्हमधून डिस्काउंट द्यायचा. तो देऊनही परवडतं, कारण वरचा स्लॅब लागला की महिन्यातल्या सगळ्या गाड्यांचा दर बदलतो. हे गणित डोक्यात घेऊनच घरी यायचं. घरचे काहीतरी सांगत असतात आणि मी मनात बुकिंगं मोजत असते. शिवाय बाई बघून 'कोणी सर नाहीत का?' म्हणणारे आहेतच. इंजिनपासून वॉरंटीपर्यंत सगळं माझ्याकडून ऐकून घेतात आणि शेवटचा आकडा मात्र सरांच्या तोंडून हवा असतो.

आता प्रश्न असा, की मला येतं काय? बायोडेटा लिहायला बसले तर 'गाड्या विकल्या' यापुढे दुसरी ओळ सुचत नाही. इथून लोक कुठे कुठे जातात? पगाराचं काय होतं? राजीनाम्याआधी काय सांभाळावं? अनुभव असलेल्यांनी लिहा. नसलेल्यांनीही लिहा, पण मग तसं सांगा.

सायलेन्सर | रविवार, रात्री ११:४१

अनुभव नाही. पण आधी दुसरी नोकरी, मग राजीनामा. उलट करू नका, एवढंच.

टीएल_होतो | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, ती 'गाड्या विकल्या' ओळ आधी खोडा. एका गाडीमागे आपण काय काय करतो ते बघा. दारातून आलेला माणूस खरंच घेणार आहे की नुसता एसीत बसायला आलाय, हे पाच मिनिटांत ओळखायचं. नवरा, बायको आणि वडील असे तिघे आले की पैसे कोणाचे, चालवणार कोण आणि 'नको' म्हणायचा अधिकार कोणाकडे, हे कोणालाही थेट न विचारता काढायचं. जुन्या गाडीची एक्स्चेंज किंमत ऐकून भडकलेल्याला परत खुर्चीवर बसवायचं. कर्जाची कागदं गोळा करायची, विमा समजावायचा. आणि गाडी यायला उशीर आहे हे त्याचा फोन यायच्या आत आपणच फोन करून सांगायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि बाहेर त्यालाच जास्त किंमत आहे. वाईट बातमी आपणहून आणि वेळेवर सांगणारी माणसं कुठल्याच ऑफिसात पुरेशी नसतात हो.

आता स्वतःला एक विचारा. यातलं कोणतं काम तुम्ही कधीच दुसऱ्यावर ढकलत नाही? 'आवडतं काम कोणतं' असं विचारलं तर माणूस काहीतरी शोभेसं उत्तर देतो, म्हणून असं विचारतोय. मी जुन्या गाड्यांची बोलणी कायम ज्युनिअरच्या गळ्यात मारायचो, आणि एखाद्या कंपनीला एकगठ्ठा गाड्या द्यायच्या असल्या की स्वतः पळायचो. तिथेच माझी वाट होती.

आता मी कारखान्यांना कॉम्प्रेसर विकतो. एक विक्री व्हायला कधी कधी अख्खं वर्ष जातं. वापरणारा वेगळा, तपासणारा वेगळा, पैसे मंजूर करणारा वेगळा, आणि सही करणारा तुम्हाला कधी दिसतच नाही. शोरूममधून आलेल्या माणसाला सुरुवातीला वाटतं की आपण काही कामच करत नाही आहोत. रोज संध्याकाळी आकडा विचारणारं कोणी नसतं. मला त्याचीच सवय व्हायला वेळ लागला. सुटीचे दिवस मात्र घरी, कारण कारखान्याचं खरेदी खातं रविवारी बंद.

हाफक्लच | सोमवार, सकाळी ९:३०

सेल्समधून सेल्समध्ये जायचं, यात बदल तो काय झाला? ताईंना सेल्सच नकोय.

टीएल_होतो | सोमवार, सकाळी ९:५२

'सेल्स नको' असं त्यांनी कुठे लिहिलंय? पुन्हा वाचा. सुटीचे दिवस, महिनाअखेर आणि 'सर नाहीत का', या तीन तक्रारी आहेत. तिन्ही गोष्टी शोरूमच्या आहेत, विकण्याच्या नाहीत.

न्यूट्रल | सोमवार, दुपारी १:१५

टीएल साहेबांशी अर्धा सहमत. विकणं तेच ठेवून फक्त माल बदलला तर दुखणं तसंच राहू शकतं. मी गाड्यांमधून घरविक्रीत गेलो होतो. एका व्यवहारात गाड्यांच्या कित्येक महिन्यांची कमाई, असं ऐकलं होतं, आणि ते खोटं नाही. पण दोन व्यवहारांच्या मध्ये जो कोरडा काळ असतो त्याबद्दल कोणी बोलत नाही. गाडीत पगार अधिक इन्सेंटिव्ह असतो, निदान महिना भरतो. तिथे बऱ्याच जागी नुसतं कमिशन. तेही नोंदणी झाल्यावर, त्यात बिल्डर देईल तेव्हा. आणि साइट बघायला लोक कधी येतात? सुटीच्या दिवशीच.

मी परत गाड्यांत आलोय, पण नव्या नाही, वापरलेल्या. इथे टार्गेट आहे, पण खरेदीचंही आहे. चांगली गाडी योग्य भावात उचलली तर ती स्वतःच विकली जाते. मला हे जास्त मानवतं.

चावीवाली | सोमवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. टीएल दादांचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. खरं सांगायचं तर डिलिव्हरीचा सोहळा मी आनंदाने दुसऱ्यावर ढकलते. हार, फोटो, टाळ्या, सगळं. टेस्ट ड्राइव्हला ज्युनिअर गेला तरी चालतं. कर्जाची फाईल मात्र मी कोणाला देत नाही.

मागे एक जण आले होते. हंगामी धंदा, वर्षातले काही महिने खात्यात भरपूर पैसे, बाकी महिने शुकशुकाट. एका ठिकाणी कर्ज नाकारलं होतं. मी त्यांच्याकडून दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट घेतलं, हंगामाचे महिने वेगळे मांडले, नोकरी करणाऱ्या बायकोला सहअर्जदार केलं आणि वरच्या मॉडेलवरून मधल्या मॉडेलवर आणलं. यात माझाच इन्सेंटिव्ह कमी झाला, पण फाईल पास झाली. त्या दिवशी स्लॅबचं काही डोक्यात नव्हतं. हे टीएल दादांनी विचारल्यावरच लक्षात आलं.

थर्ड_पार्टी | मंगळवार, सकाळी ८:१०

तुमचं उत्तर कागदपत्रांकडे जातंय, तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. ज्यांना यंत्रात रस आहे त्यांनी गाड्यांचं मूल्यमापन आणि विम्याच्या दाव्यांची तपासणी हे क्षेत्र बघावं. मी तिकडेच आहे. अधिकृत सर्व्हेअर व्हायचं तर बहुतेक ठिकाणी परवाना आणि ठरावीक शिक्षण लागतं. पण वापरलेल्या गाड्यांचं इन्स्पेक्शन करणाऱ्या कंपन्यांत किंवा दावे हाताळणाऱ्या टीममध्ये शोरूमचा अनुभव चालतो.

काम कसं असतं ते सांगतो. गाडी समोर आली की मी आधी तिच्याशी बोलतो, मालकाशी नंतर. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारपैकी तीन टायर एका काळातले आणि चौथा वेगळा असेल तर तो का बदलला हे विचारायचं. मग काचा. प्रत्येक काचेवर निर्मितीची खूण असते, एकच काच गाडीपेक्षा नवी निघाली तर त्या बाजूचा पत्रा नीट बघायचा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का? म्हणजे पाना लागलाय. त्यानंतर रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दारावर त्याच्या दुप्पट आला तर ते दार पुन्हा रंगवलंय, आणि आकडा त्याच्याही पुष्कळ वर गेला तर खाली पुट्टी आहे. शेवटी चॅसिस नंबर, सतरा अक्षरांचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. असलं अक्षर दिसलं तर एकतर लिहिणारा चुकलाय किंवा प्रकरण गंभीर आहे.

विक्रीत होतो तेव्हा गाडीचं चांगलं तेवढं शोधायचो, आता उलट. गिऱ्हाइकाच्या गोड बोलण्याला न भुलणं सेल्सवाल्याला लवकर जमतं, कारण तो स्वतः ते बोललेला असतो.

सायलेन्सर | मंगळवार, सकाळी ८:२५

थर्ड_पार्टी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा राव. वाचनखूण साठवली आहे.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:४०

मी नोकरभरतीत काम करतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला. सांगणं थोडक्यात असं, की विकणाऱ्याला गाडीचं खरं-खोटं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही आणि बाजारात खराब गाड्या उरतात. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासोबत त्याला मिळालं. त्यातल्या स्पेन्सने १९७३ मध्ये हाच पेच नोकरीच्या बाजारात मांडला होता: मालकाला उमेदवाराची आतली गुणवत्ता दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणा बघतो.

क्षेत्र बदलणारा उमेदवार माझ्यासमोर येतो तेव्हा तो मला असाच वापरलेल्या गाडीसारखा दिसतो. (हलके घ्या.) मला आतलं इंजिन दिसत नाही, मग मी सरासरी भाव लावतो, आणि 'कार सेल्स' या शब्दांचा सरासरी भाव दुर्दैवाने फार नाही. अशा वेळी 'मी मेहनती आहे, लोकांशी जुळवून घेते' याचा काही उपयोग नाही, कारण हे प्रत्येक जण म्हणतो. मला तपासता येईल असं काहीतरी हवं असतं.

आकडे द्या, पण नुसते वरचे नको. 'महिन्याला इतक्या गाड्या' यावरून मला काही कळत नाही. शोरूम चालतं असेल तर कोणीही विकेल. शंभर इन्क्वायरींतल्या किती बुकिंगपर्यंत गेल्या, आणि त्याच काळात तुमच्या टीमची सरासरी काय होती? जुन्या गिऱ्हाइकांच्या ओळखीतून आलेला हिस्सा किती? तुम्ही लावलेल्या कर्जफाईलींपैकी पहिल्या फेरीत किती पास झाल्या? चावीवाली ताई, हा शेवटचा आकडा तुमच्याकडे असेल तर तो बायोडेटात सगळ्यात वर हवा. नसेल तर आजपासून वहीत टिपायला लागा.

दुसरी खूण म्हणजे शिफारस, पण साहेबाची नाही. ज्यांच्याशी तुमचं रोजचं काम पडायचं पण ज्यांना तुमच्या टार्गेटशी देणं-घेणं नव्हतं, त्यांची. फायनान्स कंपनीचा माणूस, विम्याचा माणूस, वर्कशॉपचा सुपरवायझर. त्यांनी चांगलं म्हटलं तर मी विश्वास ठेवतो.

सर्टिफिकेटांबद्दल माझं मत जरा कडू आहे. शनिवार-रविवारचे कोर्स करून मिळालेल्या कागदांचा ढीग मला फारसा हलवत नाही. ज्या कामाला कायद्याने परवाना लागतो तिथे तो घ्या, बाकी पैसे वाचवा.

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

गाड्यांच्या विक्रीतून हॉस्पिटलमध्ये गेलेली मीच एकटी असेन असं वाटत होतं. दुसरं कोणी असेल तर हात वर करा.

अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी लोकांना विचारते, कोणत्या व्यवसायातली माणसं प्रामाणिक वाटतात? १९९९ पासून तिथे परिचारिका पहिल्या. फक्त २००१ मध्ये अग्निशमन दलाचे जवान पुढे गेले होते. गाड्या विकणारे तळाला, राजकारण्यांच्या शेजारी. म्हणजे मी यादीच्या एका टोकाकडून निघाले आणि दुसऱ्या टोकाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

मी ॲडमिशनच्या टेबलावर खर्चाचा अंदाज सांगते. विम्याची पूर्वमंजुरी, काय मिळेल, काय खिशातून जाईल, कोणता कागद कमी आहे. समोर घाबरलेलं कुटुंब आणि मोठा आकडा, दोन्हीची सवय शोरूमने लावली होती. फरक एवढाच, की इथे वरचं मॉडेल गळ्यात मारायचं नाही. आणि गिऱ्हाईक परत यावं अशी इच्छाही नाही. पगार शोरूमच्या चांगल्या महिन्यांपेक्षा कमी आहे, वाईट महिन्यांपेक्षा बराच जास्त. पाळ्या आहेत, सुटीच्या दिवशीही काम असतं. पण रजेचा दिवस महिनाभर आधी कळतो आणि तो कोणी शेवटच्या क्षणी काढून घेत नाही.

'सर नाहीत का' इथेही ऐकू येतं. फक्त इथे सर म्हणजे डॉक्टर, त्यामुळे ते बरोबरच असतं.

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ११:०५

अवांतर: गाड्या विकण्यात नापास झालेल्यांची परंपराही मोठी आहे. अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट १९५० च्या दशकाच्या अखेरीस केप कॉडला साब गाड्यांची डीलरशिप चालवायचा. तेव्हाची साब टू-स्ट्रोक होती, म्हणजे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना त्यात ऑइल मिसळायचं. हे समजावून ऐटबाज गिऱ्हाइकाला गाडी विकायची! धंदा बसला. पुढे लेखक म्हणून त्याचं काय झालं ते जगाला माहीत आहे.

आणि उलट बाजूला जो जिरार्ड. १९६३ ते १९७८ या काळात एकट्याने १३,००१ गाड्या विकल्या, त्यातल्या १,४२५ एकट्या १९७३ सालात. गिनीज बुकात नोंद आहे. गिऱ्हाइकांना दर महिन्याला शुभेच्छापत्र पाठवायचा.

हाफक्लच | मंगळवार, रात्री ११:३०

आणि पुढे तो काय करू लागला? तर गाड्या कशा विकाव्यात यावर पुस्तकं आणि भाषणं. क्षेत्र बदललंच नाही त्याने. :)

आधी मी तिरकस लिहिलं होतं, आता नीट लिहितो. मी सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनच्या विक्रीत आहे आणि आमच्या टीममध्ये गाड्यांमधून आलेले बरेच आहेत. त्यांना दोन गोष्टी जड जातात. पहिली म्हणजे लिहिणं. शोरूममध्ये सगळं तोंडी चालतं, इथे प्रत्येक बोलण्यानंतर कोण काय म्हणालं आणि पुढे काय ठरलं याचा ईमेल पाठवावा लागतो. दुसरी म्हणजे नूतनीकरण. गाडी एकदा शोरूमबाहेर गेली की गिऱ्हाईक आणि त्याचं समाधान हे सर्व्हिसचं काम. सबस्क्रिप्शनमध्ये जास्तीचं आश्वासन देऊन विकलं की वर्षाच्या आत तेच गिऱ्हाईक बंद करायचं पत्र पाठवतं, आणि कमिशन परत कापलं जातं. ज्यांनी फक्त महिनाअखेरच्या जोरावर दिवस काढलेत ते टिकत नाहीत. ताईंसारखे, म्हणजे मधल्या मॉडेलवर आणणारे, टिकतात.

टेबलापलीकडे | बुधवार, सकाळी ७:४०

चावीवाली, तुमच्या फाईलीची गोष्ट वाचून लॉग-इन झालो. मी वाहनकर्जाच्या क्रेडिट विभागात आहे.

गाड्यांचा धंदा बऱ्याच काळापासून हप्त्यांचा धंदा आहे. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली. हेन्री फोर्डला उधारी पसंत नव्हती. त्याने १९२३ मध्ये आधी दर आठवड्याला पैसे साठवा आणि मग गाडी न्या अशी योजना आणली. लोकांना गाडी आधी हवी होती. त्याच फोर्ड कंपनीत १९५६ साली ली आयकोका या तरुणाने, जो इंजिनिअर म्हणून लागला आणि हट्टाने विक्रीत गेला होता, '५६ साठी ५६' ही कल्पना काढली. वीस टक्के आधी भरा, मग तीन वर्षं महिना ५६ डॉलर. गाडी तीच होती, सांगायचा आकडा तेवढा बदलला.

आमच्याकडे काय बघतात? उत्पन्न किती यापेक्षा ते किती सलग आहे. आधीचे हप्ते आणि नवा हप्ता मिळून उत्पन्नाचा किती भाग खातात. गाडीच्या किमतीच्या किती टक्के कर्ज मागितलंय. आधीची परतफेड कशी आहे. हे नियम कोणीही पाठ करतं. पण हंगामी धंद्याचं स्टेटमेंट कसं वाचायचं ते नियमात लिहिलेलं नसतं. तुम्ही महिने वेगळे मांडून दिले ते आमच्याकडच्या नव्या मुलांना शिकवावं लागतं. शिवाय शोरूमवाले कोणत्या फाईलीत काय झाकतात हे तुम्हाला माहीत आहे, आणि आम्हाला ते हवंच असतं.

आता दुसरी बाजू. इथे तुम्हाला 'नाही' म्हणावं लागेल, रोज. आणि ज्यांना म्हणाल त्यात तुमचे जुने सहकारी असतील. पहिल्याच आठवड्यात फोन येतील, 'अगं, माझी एक फाईल आहे, जरा बघ ना.' बघायची नाही. ओळखीच्या शोरूमची फाईल माझ्याकडे देऊ नका असं वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. ज्यांना हे जमत नाही ते सहा महिन्यांत वसुलीकडे किंवा विक्रीकडे सरकतात.

पगाराबद्दल. सर्वोत्तम महिन्याशी तुलना करू नका, तिथेच लोक अडकतात. मागच्या दोन वर्षांची सगळी कमाई मिळवा, चोविसाने भागा, आणि स्वतःच्या इन्सेंटिव्हमधून दिलेले डिस्काउंट वजा करा. नवा स्थिर पगार त्या आकड्याशी ताडून बघा. बहुतेकांना दरी वाटते त्यापेक्षा लहान निघते. कोणाकोणाला मोठीही निघते, तेव्हा आधी मोजा.

फ्री_सर्व्हिस | बुधवार, दुपारी ३:२०

राजीनाम्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. डीलरशिपच्या एचआरमध्ये होतो.

इन्सेंटिव्ह पॉलिसीची लेखी प्रत काढा आणि दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. पैसे कधी देय होतात, बुकिंगला, डिलिव्हरीला की पासिंगला? आणि देण्याच्या तारखेला कामावर असणं बंधनकारक आहे का? असेल तर बुक झालेल्या पण डिलिव्हर न झालेल्या गाड्यांचं इन्सेंटिव्ह गेलं असं समजा, आणि तिमाही बोनस हातात आल्यावरच पत्र द्या. गिऱ्हाइकाने कर्ज लवकर फेडलं किंवा विमा रद्द केला तर आधी दिलेलं कापून घेण्याचं कलम असतं. ते अंतिम हिशोबात अचानक बाहेर येतं.

राजीनामा दिला की त्याच दिवशी लॉग-इन बंद होऊन घरी जायला सांगतील, ही तयारी ठेवा. सेल्सवाल्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, कारण गिऱ्हाइकांची यादी. म्हणून स्वतःचे आकडे आधीच टिपून ठेवा, पण फक्त आकडे. नावं, फोन नंबर, फाईलींचे फोटो यातलं काही नेऊ नका. गिऱ्हाईक तुमच्या ओळखीचं असलं तरी माहिती कंपनीची आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेत जाणार असाल तर हे दुप्पट जपा, तिथे पार्श्वभूमी तपासतात. आणि डेमो गाडीची चावी, इंधनाचा हिशोब, सिम कार्ड हे सगळं परत केल्याची सही घ्या. अनुभवपत्र या असल्या फुटकळ कारणांवर लटकतं.

चावीवाली | पुढचा रविवार, रात्री १०:१०

अपडेट देते. पॉलिसी शोधून वाचली. आमच्याकडे इन्सेंटिव्ह डिलिव्हरीनंतर देय होतं आणि तेव्हा कामावर असावं लागतं. तिमाही बोनस पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे पत्र त्यानंतरच.

चोविसाने भागून बघितलं. आकडा मनात होता त्यापेक्षा कमी आला. डिस्काउंट वजा केल्यावर आणखी उतरला. नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, 'मग आपण इतकी वर्षं कोणत्या आकड्यावर भांडत होतो?'

दोन ठिकाणी अर्ज केलेत, एक वाहनकर्जाच्या क्रेडिट विभागात, एक फाईल प्रोसेसिंगला. फाईली पहिल्या फेरीत पास होण्याचा आकडा माझ्याकडे नव्हता. आमच्याकडे बसणाऱ्या फायनान्सच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्या फाईलींवर शेरे कमी येतात हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्याने शिफारस करायचं कबूल केलंय.

आता शंका एकच. मुलाखतीत 'सेल्स का सोडताय' विचारतील तेव्हा महिनाअखेरचं सांगावं का?

टेबलापलीकडे | रविवार, रात्री १०:३८

नको. महिनाअखेर आमच्याकडेही असते, फक्त फाईलींची असते. हंगामी धंद्याची गोष्ट सांगा, नाव-गाव वगळून. इन्सेंटिव्ह कमी झाला तो भागही सांगा. त्यावर ते विचारतील, की तो माणूस हट्टाने वरच्याच मॉडेलवर अडून बसला असता तर? त्याचं उत्तर आत्ताच ठरवून जा.

चावीवाली | रविवार, रात्री १०:५०

फाईल लावली नसती. गिऱ्हाईक शेजारच्या शोरूमला गेलं असतं आणि मला टीएलची बोलणी बसली असती.

टेबलापलीकडे | रविवार, रात्री १०:५३

हेच सांगा. असंच्या असं.

टीएल_होतो | सोमवार, सकाळी ६:५५

मी टीएल असतो तर बोललोच असतो. :) शुभेच्छा ताई.

डेंटिंग_पेंटिंग | सोमवार, सकाळी ११:१५

उत्तम धागा. मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, सेल्स नाही. जॉब कार्ड उघडणं, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणं आणि पार्ट्सवाल्यांच्या मागे लागणं, एवढंच करतो. माझा प्रश्न इथेच विचारू की नवा धागा काढू?

चावीवाली | सोमवार, सकाळी ११:३२

इथेच विचारा. पण आधी टीएल दादांच्या प्रश्नाचं उत्तर द्या: दुसऱ्यावर काय ढकलत नाही?

डेंटिंग_पेंटिंग | सोमवार, दुपारी १२:०४

शिव्या सोडून सगळं ढकलतो. चिडलेलं गिऱ्हाईक आलं की बाकीचे मलाच पुढे करतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी १२:२०

आमच्याकडे बिलिंगच्या तक्रारींसाठी माणूस हवाय. व्यक्तिगत निरोप करते.